गोचीड: काढायची कशी आणि सांगायची कोणाला

(पोळ्याआधी झालेल्या जिल्हा बैठकीत दुपारच्या सत्रातलं भाषण. मधलं थोडं गाळून बाकी बोलल्याप्रमाणे छापलं आहे. गावच्या बैठकीत वाचून दाखवावं.)



सकाळपासून कापसाच्या भावावर, विम्यावर, रात्रीच्या विजेवर बोलणं झालं. आता जेवणं झाली आहेत आणि मला उभं केलं आहे, म्हणजे अर्धी सभा डुलक्या घेणार हे धरूनच. विषय सांगितला तेव्हा मंचावरचे एक ज्येष्ठ मला म्हणाले, "अरे, एवढं शेतीचं शिकलास, अन् गोचिडीवर बोलतोस?" मी म्हणालो, दादा, जरा हात वर करायला लावतो, मग बघा.

तर ज्याच्या अंगाला आजवर एकदाही गोचीड चिकटली नाही, त्यानं हात वर करावा.

एकही हात नाही. आता दुसरं. ज्यानं ती बिडीनं, राकेलनं किंवा नखानं ओरबाडून काढली नाही, त्यानं हात वर करावा.

मागच्या रांगेत एक बाई, बस. बाकी सगळे बिडीवाले आणि राकेलवाले. लाजू नका, मीही त्यातलाच. माझ्या डाव्या मांडीच्या मागच्या बाजूला रुपयाएवढा डाग आहे. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. डवरणीचे दिवस होते, बैल चारून आलो तर मांडीला गोचीड. काकांनी पालथं झोपवलं. म्हणाले, "अबे, बिडीचा चटका दिला का आपोआप सोडते ते." पहिला चटका गोचिडीला लागला, दुसरा मला. गोचीड सोडायला तयार नाही म्हणून तिसरा. शेवटी काकांनी नखानं उपटली, अर्धी हातात आली, अर्धी आत. गोचिडीची जखम चार दिवसांत भरली असती, भाजल्याची महिनाभर पिकत राहिली. डाग अजून आहे. (हशा.) हसा, पण इथं बसलेल्या किती जणांच्या अंगावर असा डाग आहे ते घरी जाऊन बघा.

पुढं कृषी महाविद्यालयात गेलो. तिथं शिकलो की गोचीड हा कीटक नाही. कीटकाला सहा पाय असतात, मोठ्या गोचिडीला आठ. ती कोळ्याच्या आणि विंचवाच्या नात्यातली. परीक्षेत हे लिहून मार्क मिळवले. एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस, आणि लॅटिन भाषेत रिसिनस म्हणजे गोचीड, हेही शिकलो. तुमच्या धुऱ्यावरच्या एरंडीचं बी तळहातावर घ्या आणि रक्त पिऊन फुगलेली गोचीड शेजारी ठेवा, नाव का पडलं ते कळेल. एवढं सगळं शिकवलं, पण माणसाच्या अंगातून ती काढायची कशी, हे चार वर्षांत कोणी शिकवलं नाही. मीही कोणाला विचारलं नाही. आम्हाला वाटायचं, ही काय विचारायची गोष्ट आहे?

ही गोष्ट विचारायची आहे आणि सांगायचीही आहे, हे मला कळलं ते माझ्या वहिनीच्या आजारपणात. २०१३ सालचा सप्टेंबर. पऱ्हाटीला पात्या-फुलं लागलेली, ज्वारी कमरेला. आमच्या शेतात राखणीला कुत्रा असतो, रानडुकरांसाठी. वहिनी दुपारी विहिरीपाशी बसून कुत्र्याच्या कानातल्या गोचिडी वेचायची आणि दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं चिरडायची. कधी दगड हाताशी नसला तर नखावर नख. घरोघरी बायका हेच करतात. एक दिवस तिला नेसणीच्या गाठीखाली गोचीड सापडली. खाजवता खाजवता हाताला लागली, ओढून फेकली आणि कामाला लागली. घरात कोणाला सांगितलंही नाही.

आठवडाभरानं ताप. सणसणून ताप, डोकं फुटेल असं दुखणं. गावातल्या डॉक्टरनं सुई दिली, तालुक्याला टायफॉईड म्हणून सलाईन लावलं. पाचव्या दिवशी हातापायांवर लाल ठिपके आले, तळहातावरही. तर म्हणाले, औषधाची ॲलर्जी आहे. औषध बदललं. ताप तसाच. आठव्या दिवशी ती माणसं ओळखेना तेव्हा जिल्ह्याला हलवलं. तिथं रात्रपाळीला एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं तळहात पाहिले, तळपाय पाहिले आणि दादाला एकच प्रश्न विचारला, "घरी जनावरं आहेत का? गोचीड चावली होती का?" दादा म्हणाला, जनावरं आहेत, गोचिडीचं माहीत नाही. तेवढ्यावर तिनं गोळ्या सुरू केल्या, डॉक्सिसायक्लिन. फार महाग औषध नाही, जुनं आहे. दोन दिवसांत ताप उतरला.

वहिनी घरी आली तेव्हा मी रागावलो. म्हणालो, तुम्हाला गोचीड चावली होती तर आधी सांगितलं का नाही? ती म्हणाली, "आता गोचीड चावली हे का डाक्टरले सांगाची गोष्ट हाये का, भाऊजी? उद्या म्हनसान डास चावला तेबी सांगा."

तिचं काय चुकलं? आपण सांगत नाही, कारण आपल्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. आणि डॉक्टर विचारत नाही, कारण तो ज्या घरात वाढला तिथं गोठा नव्हता. या दोघांच्या मधल्या आठ दिवसांत माणूस जाऊ शकतो.

या तापाला गोचीडताप म्हणा, ठिपक्यांचा ताप म्हणा, डॉक्टर लोक टिक टायफस म्हणतात. आपल्या देशात तो मुख्यतः कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीतून येतो. हा काही दूरदेशीचा आजार नाही. २०११ साली अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी मध्य भारतातल्या मुलांमधला हा ताप लवकर कसा ओळखायचा, लक्षणांना गुण देऊन त्याची एक पद्धतच मांडली. अकोला म्हणजे कपाशी-ज्वारीचाच मुलूख. म्हणजे आजार आपल्या घरात आहे, औषध दुकानात आहे, आणि नडतं ते फक्त त्या एका वाक्यावर: "डॉक्टरसाहेब, अमुक दिवशी गोचीड चावली होती."

आता मूळ मुद्द्यावर येतो. काढायची कशी?

आधी ती धरते कशी हे समजून घ्या, मग काढायची रीत पाठ करावी लागत नाही. धोतरात, लुगड्यात कुसळ घुसतं ते तुम्हाला माहीत आहे. पुढं पुढं जातं, मागं ओढलं तर अडतं, कारण त्याचे केस उलटे असतात. गोचिडीच्या तोंडाशी तसाच एक दांडा असतो, त्यावर मागं वळलेले काटे. तो दांडा ती कातडीत रुतवते. बऱ्याच जातींच्या लाळेत सिमेंटसारखा घट्ट होणारा पदार्थही असतो, तो भोवती जमतो. त्याच लाळेत बधिरपणा आणणारं द्रव्य असतं, म्हणून चावताना कळत नाही. वहिनीला तरी कुठं कळलं? मोठी मादी अशी आठवडाभर चिकटून रक्त पिते आणि पोट भरलं की आपण होऊन गळून पडते.

म्हणजे दोन गोष्टी झाल्या. एक, तोंड कातडीत आहे आणि पोट बाहेर. पोट दाबलं तर पोटातलं तोंडावाटे तुमच्या रक्तात जाणार, पिचकारीसारखं. दोन, ती स्क्रू नाही. तिला आटे नाहीत, म्हणून पिळून, गोल फिरवून उपयोग नाही. फिरवलं की मान तुटते.

म्हणून काय करायचं? बारीक टोकाचा चिमटा घ्या. आपल्याकडं काटा काढायचा चिमटा घरोघरी असतो, कुणाच्या किल्ल्यांच्या जुडग्यातच असतो. टोकं सरळ जुळणारी हवीत, बोथट नकोत. गोचिडीला पोटाला धरू नका. कातडीला जितकं टेकून धरता येईल तितकं टेकून, तिच्या तोंडापाशी धरा. आणि सरळ वर ओढा. झटका नाही, पिळणं नाही, सावकाश एकसारखा ताण. विहिरीतून भरलेली बादली ओढतो तसं, हिसका दिला तर दोर तुटतो. कातडी थोडी तंबूसारखी वर उचलली जाईल, जाऊ द्या. ताण सोडू नका. दहा-वीस सेकंदांत, कधी थोडं जास्त लागेल, ती सुटते.

चिमटा नसेल तर? शेतात असाल आणि सुईदोरा असेल तर शिवायच्या दोऱ्याचा एक साधा फास करा, तो तिच्या तोंडाभोवती अगदी कातडीला टेकवून आवळा, आणि दोन्ही टोकं धरून सरळ वर ओढा. आपण कापूस पिकवणारी माणसं, दोरा तरी आपल्याकडं असावा. (हशा.) तोही नसेल तर बोटांना पन्नी किंवा जाड कापड गुंडाळा आणि कातडीला टेकूनच धरा. घरी जाऊन चिमटा आणू, रात्री काढू, असं करत बसू नका. जितका वेळ ती चिकटून राहील तितका आजार आत जायचा धोका वाढतो.

ओढल्यावर काळा ठिपका आत राहिला तर? इथं आपल्या बायकांचा हात सुईकडं जातो. काटा काढताना आपण सुईनं कोरतो, ते बरोबर आहे. बाभळीचा काटा आत राहिला तर ठणकतो. पण गोचिडीच्या तोंडाचा तुकडा राहिला आणि तो चिमट्यात सहज येत नसेल, तर कोरू नका. कातडी भरून येता येता तो आपसूक बाहेर टाकते. जागा पिकली, लाली पसरत गेली तर दाखवा.

नंतर साबण आणि पाण्यानं जागा धुवा, हातही धुवा. स्पिरिट किंवा आयोडीन असेल तर लावा. निघालेली गोचीड छोट्या बाटलीत स्पिरिट घालून ठेवा, नाहीतर चिकटपट्टीत दोन्ही बाजूंनी बंद करून टाका. जमिनीवर सोडू नका. ती पुन्हा कुणाला तरी शोधते.

आणि घरातलं कॅलेंडर काढा. खिळ्याला टांगलेलं असतं, दुधाचा हिशेब आणि गायीला रेतन केल्याची तारीख त्यावरच लिहितो आपण. त्याच तारखेवर लिहा: गोचीड, कोणाला, अंगावर कुठं. बस. पुढचे तीन-चार आठवडे त्या माणसाला ताप आला, डोकं जोरात दुखलं, अंगावर ठिपके उठले, की डॉक्टरपुढं बसल्या बसल्या पहिलं वाक्य तेच. डॉक्टर कितीही घाईत असला तरी तेच. "हो का, बरं" म्हणून त्यानं पुढं ढकललं, तर पुन्हा सांगा. मात्र हेही सांगून ठेवतो, कारण आपल्यात सुईची आणि गोळीची हौस फार: गोचीड चावली म्हणून लगेच अँटिबायोटिक गिळायची नाही. प्रत्येक गोचिडीत आजार नसतो. मेडिकलवाल्याकडून डॉक्सिसायक्लिनचं पाकीट आणून घरात ठेवायचं नाही. ताप आला तर डॉक्टरच्या हातूनच. लहान मूल किंवा दिवस गेलेली बाई असेल तर अंगावर काढायचंच नाही. कानाच्या आत शिरलेली गोचीडही स्वतः काढायला जाऊ नका, ते दवाखान्यातच.

आता बिडी, राकेल, तेल, चुना, तंबाखूचं पाणी. एका काकांनी मघाशी जेवताना विचारलं, "राकेलनं तिचा जीव कोंडला का सोडत असन ना?" असं वाटतं खरं. पण गोचिडीला श्वास फार थोडा लागतो. तेलाखाली ती तासन्‌तास जिवंत राहते आणि तेवढा वेळ रक्त पीत राहते. चटका दिला, रसायन लावलं, तर बिथरून पोटातलं जखमेत ओकण्याची भीती. आणि आपली कातडी जळते ते वेगळंच. माझा डाग सांगितला आहेच.

पण राकेलपेक्षा भयंकर एक गोष्ट आपल्याकडं चालते, तिच्यावर मी थांबणार आहे. फवारणीचं औषध.

औषध म्हणतो आपण त्याला. दुकानदार म्हणतो, कंपनीचा माणूस म्हणतो, मीही सवयीनं म्हणतो. ते विष आहे. कपाशीवर मावा-तुडतुड्यांसाठी आणलेलं थोडं बाटलीत उरतं. कुणीतरी म्हणतं, पिकावरची कीड मरते तर बैलावरची का मरणार नाही? आणि पाण्यात टाकून कापडानं बैलाला चोळतात. आमच्या गावात एकानं पोळ्याच्या आदल्या दिवशी हेच केलं. खांदशेकणीला बैल धुतले, अंगभर गोचिडी दिसल्या. सणाला बैल साफ दिसावा ही हौस. उरलेलं फवारणीचं चोळलं. तासाभरात बैलाच्या तोंडातून लाळ, अंगाला कंप, मग बसला, मग श्वास लागला. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. दुसऱ्या दिवशी गावभर बैल सजले आणि त्याच्या दारात एकच बैल उभा होता. त्या माणसानं त्या वर्षी तोरणाखाली एक बैल नेला, दुसऱ्या हाताला कोणी नाही. त्याला कोणी बोललं नाही. बोलणार काय, निम्म्या गावानं तेच कधी ना कधी केलेलं.

आणि जे बैलाला होतं ते माणसाला होत नाही का? पोरीच्या डोक्यात गोचीड शिरली, उवा झाल्या, म्हणून तेच पाणी केसांना लावणारी घरं मी पाहिली आहेत. ही विषं कातडीतून आत जातात. खाजवून ओरखडे पडलेल्या कातडीतून आणखी लवकर जातात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. फवारणी करता करता वीसेक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यांच्यातल्या कितीकांनी ते प्यायलं नव्हतं, ते अंगावर पडलं होतं आणि श्वासातून गेलं होतं. ते विसरून त्याच विषानं आपण पोराचं डोकं धुणार का?

जनावरांसाठी वेगळी औषधं मिळतात. त्यातली काही नावं तुम्हाला फवारणीच्या बाटलीवर दिसतील, डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन. नाव तेच म्हणून फसू नका. तीव्रता वेगळी, त्यात घातलेलं तेल-द्रावण वेगळं. बाटलीवर जनावरांसाठी असं लिहिलेलंच घ्यायचं आणि मात्रा पशुवैद्यकाला विचारून. तालुक्याच्या दवाखान्यात ते संपलेलं असतं, हे मला ठाऊक आहे. दोनदा मीही रिकाम्या हातानं परत आलो आहे. तरी तिसऱ्यांदा जायचं, फवारणीच्या पंपाकडं जायचं नाही.

आता नखावर चिरडण्याबद्दल. मायबहिणींनो, हे तुमच्यासाठी, कारण गोचिडी वेचायचं काम तुमच्याकडंच येतं. २०११ च्या जानेवारीत गुजरातेत, अहमदाबाद जिल्ह्यातल्या साणंद तालुक्यात, एक बाई तापानं आणि रक्तस्रावानं गेली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्ससुद्धा गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत नमुने तपासले तेव्हा कळलं, हा क्रिमियन काँगो ताप. देशात त्याची साथ पहिल्यांदा तेव्हा पकडली गेली. हा विषाणू जनावरांवरच्या एका लांब पायांच्या गोचिडीतून येतो, हायलोमा तिचं नाव. तिच्या भाऊबंद आपल्याकडंही जनावरांवर सापडतात. तो चावण्यातून येतोच, पण गोचीड हातानं चिरडली आणि तिचं रक्त बोटावरच्या चिरेत गेलं तरी येतो. निंदणाच्या दिवसांत तुमच्या बोटांना चिरा नाहीत असा एक दिवस सांगा. घाबरवायला सांगत नाही. आपल्या जिल्ह्यात तो ताप आला आहे असं मी म्हणत नाही. पण हात वाचवायला काय लागतं? एक पन्नी आणि एक चिमटा. वेचलेल्या गोचिडी स्पिरिटच्या बाटलीत टाका, दगडावर चिरडू नका, नखावर तर नाहीच. पोरांना तो खेळ वाटतो, फटकन आवाज येतो म्हणून. त्यांना आधी थांबवा.

कोकणातले भाऊ आज इथं नाहीत, पण त्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलाजवळ माकडं मरायला लागली आणि त्याच सुमारास माणसंही तापानं फणफणू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली माणसं तिथं गेली आणि माकडांवरच्या, जंगलातल्या गोचिडींतून नवा विषाणू हाती लागला. हाच तो माकडताप. तो २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गला पोचला, काजूच्या बागांमध्ये. तिकडं कोणी कामाला जात असेल तर मेलेलं माकड दिसलं की हात लावू नका, सरकारी दवाखान्यात कळवा. आणि ताप आला तर कुठं काम केलं ते सांगा. पुन्हा तेच, सांगा.

चिकटूच नये म्हणून काय करायचं, यावर लांबण लावत नाही. गोचीड उडत नाही, उडी मारत नाही. गवताच्या शेंड्यावर पुढचे पाय पसरून बसते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला धरते. नाहीतर गोठ्याच्या भेगांतून, कुत्र्याच्या बसायच्या जागेतून येते. गवत कापून आलात, जनावरं धुतलीत, की संध्याकाळी आंघोळ करताना अंग चाचपून पहा. कानामागं, काखेत, बेंबीत, कमरेला कपड्याची गाठ बसते तिथं, जांघेत, गुडघ्यामागं. पोरांच्या डोक्यात केसांच्या कडेनं. न प्यालेली लहान गोचीड तिळाएवढी असते, खसखशीएवढीही असते. डोळ्यांनी चुकते, बोटांना लागते.

आणि बैलांचं एकच सांगतो. आपल्या ढोरांवरची नेहमीची गोचीड सगळं आयुष्य एकाच जनावरावर काढते, तीनेक आठवडे. मग मादी गळून पडते, गोठ्याच्या फटीत, शेणाखाली हजारो अंडी घालते आणि मरते. म्हणून एकदा औषध लावून बैल साफ दिसला की काम झालं असं नाही. फटीतली पिल्लावळ पुन्हा चढते. औषध पुन्हा कधी लावायचं ते पशुवैद्यकाला विचारून तारीख त्याच कॅलेंडरवर लिहा, फटी बुजवा, गोठ्यात कोंबड्या फिरू द्या. संकरित गाय असेल तर जास्त डोळ्यात तेल घालून. आपली गावरान जनावरं गोचिडीला बरीच तोंड देतात, संकरित गाय थायलेरियानं हा हा म्हणता आडवी होते. ताप, कानाखाली-खांद्यापाशी सुजलेल्या गाठी, किंवा मूत लाल दिसलं, की त्याच दिवशी डॉक्टर. उद्या बघू म्हणायचं नाही.

खूप झालं बोलून. मी येताना तीस चिमटे आणले आहेत. घाऊक घेतले म्हणून स्वस्त पडले, पण फुकट देणार नाही. फुकटचं आपण गमावतो. पैसे टेबलावर ठेवा आणि गावागणिक एक घ्या. पुढच्या बैठकीला येताना गावातल्या किती कॅलेंडरांवर "गोचीड" लिहिलं गेलं ते मोजून आणा. आकडा मी वहीत लिहिणार आहे, आणि ती वही घेऊन आपल्यातले चार जण आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटायला जातील. भांडायला नाही. त्यांना सांगायला, की तापाचा माणूस आला की हा प्रश्न विचारत जा.

आणि आता जागे व्हा, कारण पुढचं काम उभ्यानं आहे. बाहेर निंबाखाली सभेच्या यजमानांचा बैल बांधला आहे. त्याच्या उजव्या कानात तीन गोचिडी आहेत, मी सकाळीच मोजल्या. मघाशी मागच्या रांगेतून ज्यांनी एकटीनं हात वर केला त्या बाईंनी पुढं यावं. पहिली त्यांनी काढून दाखवायची, मी पन्नी धरतो.